दाताला तार लावायची? मोबाईलवरची माहिती वाचताना हे लक्षात ठेवा

साकोली : मुलाचे दात वाकडे आले की घरात आधी मोबाईल उघडला जातो. पण दाताच्या तारेबद्दल नेटवर मिळणारी बरीच माहिती इंग्रजीत असते. मराठीत असली तरी शब्द डॉक्टरांचेच. रुग्णांसाठीची माहिती सहावीच्या मुलाला कळेल इतकी सोपी असावी, असा सल्ला अमेरिकेत दिला जातो. तिथल्याही अनेक वेबसाइट तपासणीत त्याहून अवघड निघाल्या. त्यामुळे वाचून कळलं नाही, तर दोष तुमचा नाही.

नेहमी येणारे शब्द

मालऑक्लुजन : वरचे-खालचे दात एकमेकांवर नीट न बसणे.

ब्रेसेस : दातांवर चिकटवलेल्या बारीक पट्ट्या आणि त्यांना जोडणारी तार.

अलायनर : काढता-घालता येणारा पारदर्शक साचा. काढता येतो म्हणून कधीही काढून ठेवायचा नाही. साधारण 20 ते 22 तास घालावा लागतो.

रिटेनर : तार निघाल्यावर दात जागेवर धरून ठेवणारे साधन. हे वापरलं नाही, तर दात परत सरकतात.

ऑर्थोडॉन्टिस्ट : बीडीएसनंतर याच विषयात तीन वर्षांचं एमडीएस केलेले डॉक्टर.

घरी रबर लावू नका

दातांमधली फट बुजवायला साधं रबर लावा, असं सांगणारे व्हिडिओ फिरतात. दात मुळाकडे निमुळता असतो. रबर सरकत हिरडीत शिरतं, आतलं हाड झिजतं आणि चांगला दातही पडू शकतो.

डॉक्टरांना काय विचाराल?

उपचार बहुधा दीड ते दोन वर्षं चालतो आणि साधारण महिना-दीड महिन्याने दाखवावं लागतं. नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात या उपचाराचा स्वतंत्र विभाग आहे. पण साकोलीहून ते सुमारे 100 किलोमीटर. म्हणून आधीच विचारा : फेऱ्या किती? दात काढावे लागतील का? रिटेनर धरून एकूण खर्च किती? तार तुटली तर काय करायचं?

शेवटी डॉक्टरांनी सांगितलेलं आपल्या शब्दांत त्यांनाच परत सांगून बघा. कुठे अडलं, तर तिथेच विचारून घ्या. तार अर्धवट सोडली, तर पैसा आणि वेळ दोन्ही वाया जातात.