शेडला सोलर दिवा घ्यायचाय? आधी पॅनेल विसरा

ज्यांना भाग ऐकायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोलताना आकडेमोड जरा घाईत झाली होती, ती इथे सावकाश मांडली आहे.

विषय साधा आहे. शेतात पत्र्याची शेड आहे, विजेचा खांब लांब आहे आणि रात्री तिथे उजेड हवा आहे. कोणता सोलर दिवा घ्यायचा? आमच्या घरात हा प्रश्न खराखुरा आहे. फलटण तालुक्यातलं आमचं शेत कालव्याच्या पाण्यावर आहे, आणि पाण्याची पाळी काही आपली सोय बघून येत नाही. वडील रात्री दोन वाजतासुद्धा दारं धरायला जातात. फावडं, खताची पोती, फवारणीचा पंप, सगळं त्या शेडमध्ये. पोत्यांमागे उंदीर, आणि उंदरांमागे घोणस. मी पुण्यात बसून कोड लिहितो; अंधारात पोत्यामागे हात घालणारे ते. तेव्हा दिवा बरा असून चालणार नाही, तो पावसाळ्यातल्या तिसऱ्या ढगाळ रात्रीसुद्धा लागला पाहिजे.

बाजारात गेलात तर खोक्यावर ‘२०० वॅट’ असं ठळक छापलेलं दिसेल आणि आत वहीच्या पानाएवढं पॅनेल. भर दुपारी एक चौरस मीटरवर साधारण १००० वॅटचं ऊन पडतं, आणि चांगलं पॅनेल त्यातला पाचवा हिस्सा विजेत बदलतं. वहीच्या पानाच्या हिशेबाने दहा-बारा वॅट झाले. मग २०० कुठून आले? ते छापखान्यातून आले.

माझं म्हणणं असं की सगळे पॅनेलकडे बघून दिवा घेतात, आणि खरेदी तिथेच फसते. दिव्यापासून उलटं मोजत यायला हवं. आधी दिवा, मग बॅटरी, सगळ्यात शेवटी पॅनेल. हे कुठल्या मॅन्युअलमधून शिकलो नाही. या वस्तूचा इतिहास वाचला की दुसरा निष्कर्ष निघतच नाही.

सुरुवात रॉकेलपासून करू, कारण सोलरची स्पर्धा त्याच्याशीच होती. आमच्या आजीच्या घरात प्रभाकर कंदील होता. तो आमच्याच सातारा जिल्ह्यातला, कराडजवळच्या ओगलेवाडीचा. औंध संस्थानात ओगले बंधूंनी काचेचा कारखाना उभा केला, आणि काचेबरोबर हा कंदील महाराष्ट्रभर पोचला. वाऱ्यात न विझणारा, हातात धरून चालता येणारा, काच बदलता येणारा. डिझाइन म्हणून आजही मला तो कमाल वाटतो. पण उजेड किती? साधारण पन्नास-साठ ल्युमेन. रॉकेलमधली जवळजवळ सगळी शक्ती उष्णता होऊन जाते. शिवाय कडबा आणि पोती असलेल्या शेडमध्ये उघडी नसली तरी ज्योत ती ज्योतच.

आता सोलर. उजेडातून वीज निर्माण होते हे पॅरिसच्या एडमंड बेकेरेलने १८३९ मध्ये पाहिलं. तेव्हा तो १९ वर्षांचा होता, वडिलांच्या प्रयोगशाळेत उद्योग करत होता. १८८३ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या चार्ल्स फ्रिट्सने सेलेनियमवर सोन्याचा पातळ थर देऊन सेल बनवला. तो उन्हाचा जेमतेम शंभरावा हिस्सा विजेत बदलायचा. पुढची सत्तर वर्षं हे प्रकरण जवळपास तिथेच अडकून पडलं.

खरी मजा १९५० च्या दशकात आहे. अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये डॅरिल चॅपिन नावाच्या इंजिनीअरकडे एक काम होतं. पर्यावरण वगैरे काही नाही, टेलिफोनचं काम. उष्ण आणि दमट भागात दूरवरच्या टेलिफोन यंत्रणेला लावलेले ड्राय सेल लवकर खराब व्हायचे. तारेची वीज तिथे नव्हती. त्यांना पर्याय हवा होता. म्हणजे बघा, आपल्या शेडचाच प्रश्न! चॅपिनने आधी सेलेनियम वापरून पाहिलं आणि निराश झाला. त्याच संस्थेत केल्विन फुलर आणि जेराल्ड पिअर्सन हे दोघं सिलिकॉनवर काम करत होते. तिघं एकत्र आले आणि एप्रिल १९५४ मध्ये त्यांनी सहा टक्के कार्यक्षमतेचा सिलिकॉन सेल जगाला दाखवला. प्रात्यक्षिकात त्यावर खेळण्यातला आकाशपाळणा फिरवला होता. पुढच्याच वर्षी जॉर्जिया राज्यातल्या अमेरिकस गावी ग्रामीण टेलिफोन लाइनवर त्याची चाचणी झाली. तंत्र चाललं, हिशेब चालला नाही. एका वॅटच्या सेलची किंमत अडीचशे डॉलरच्या पुढे होती. आज आपण छोटं पॅनेल घेतो ते वॅटला शंभर रुपयांच्या आत.

इतकं महाग असेल तर विकत कोण घेणार? ज्याला तार ओढताच येत नाही तोच. १९५८ च्या मार्चमध्ये व्हॅनगार्ड-१ उपग्रह गेला. त्यात दोन ट्रान्समीटर होते. बॅटरीवरचा काही महिन्यांत गप्प झाला, सहा सोलर सेलवरचा १९६४ पर्यंत बोलत राहिला. त्याची ताकद माहितीये? ५ मिलिवॅट. १९६६ मध्ये जपानच्या ओगामी बेटावर दीपगृहाला २२५ वॅटचं पॅनेल बसलं, आणि तेव्हा ते फार मोठं समजलं गेलं. १९७० च्या दशकात मेक्सिकोच्या आखातातल्या तेलाच्या फलाटांवर जहाजांना इशारा देणारे दिवे सोलरवर लागले. तोवर तिथे अजस्र बॅटऱ्या बोटीने नेऊन बदलाव्या लागत.

या सगळ्या यशस्वी ठिकाणी काय सारखं आहे? भार छोटा आहे. पॅनेल महाग होतं म्हणून इंजिनीअरांना प्रत्येक मिलिवॅट मोजावा लागला. आज पॅनेल स्वस्त झालं आणि मोजायची सवय गेली.

भारतात साहिबाबादच्या सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्सने १९७७ मध्ये सोलर सेल आणि १९७८ मध्ये पॅनेल बनवलं. पुढे सरकारी योजनांतून सोलर कंदील आले. त्यांचा साचा ठरलेला असे: १० वॅटचं पॅनेल, १२ व्होल्ट ७ एएचची शिसे-आम्लाची बॅटरी, ५ किंवा ७ वॅटचा सीएफएल, आणि रात्री तीन-चार तास उजेड. कागदावर हा हिशेब बसतो. पण पावसाळ्यात चार दिवस ऊन नाही पडलं की बॅटरी पूर्ण उतरायची. शिसे-आम्लाची बॅटरी उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली तर आतल्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे कडक स्फटिक जमतात आणि ती पुन्हा नीट चार्ज होत नाही. अनेक गावांत खांबावर धूळ खात बसलेलं पॅनेल आणि खाली रिकामी बॅटरीपेटी दिसते ना, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं. (कधी कधी बॅटरी कोणाच्या तरी ट्रॅक्टरला लागलेली असते, तो भाग वेगळा.) लोक म्हणाले, सोलर टिकत नाही. पॅनेल बिचारं शाबूत होतं.

माझ्या मते सोलर दिव्याच्या इतिहासातली सगळ्यात मोठी घटना पॅनेलमध्ये घडलीच नाही. ती दिव्यात घडली. लाल एलईडी १९६२ मध्येच आला होता, पण लाल उजेडात कोण काय शोधणार? पांढऱ्यासाठी निळा हवा होता आणि तो तीस वर्षं कोणाला धडपणे जमेना. अकासाकी आणि अमानो यांनी गॅलियम नायट्राइडचा पाया घातला. निचिया नावाच्या जपानी कंपनीत शुजी नाकामुरा यांनी १९९३ मध्ये लख्ख निळा एलईडी बनवला. तिघांना २०१४ चं नोबेल मिळालं. निळ्या चिपवर पिवळा लेप दिला की पांढरा उजेड मिळतो. तुमच्या मोबाईलच्या फ्लॅशकडे तो बंद असताना पाहा, पिवळा ठिपका दिसेल.

आता आकडे. जुना ४० वॅटचा पिवळा बल्ब चारशेच्या आसपास ल्युमेन द्यायचा. तेवढंच काम आज ५ वॅटचा एलईडी करतो. प्रभाकर कंदिलाच्या सात-आठ पट उजेड. रात्री पाच तास लावला तर ५ गुणिले ५, म्हणजे २५ वॅट-तास. हा आकडा किती छोटा आहे? तुमच्या फोनमधली ५००० एमएएचची बॅटरी सुमारे १९ वॅट-तासांची असते. शेडची एक रात्र म्हणजे साधारण सव्वा फोन.

तीन ढगाळ रात्री धरा: ७५ वॅट-तास. बॅटरी लिथियम-आयर्न-फॉस्फेटची घ्या. हे रसायन १९९० च्या दशकात टेक्सासमध्ये जॉन गुडइनफ यांच्या गटाने पुढे आणलं. ते तापमान बऱ्यापैकी सोसतं आणि हजारो वेळा चार्ज होतं. तिचे ८० टक्के वापरायचे म्हटलं तर सुमारे ९५ वॅट-तासांची लागेल. १२.८ व्होल्ट, साडेसात एएच. झाली बॅटरी.

पॅनेल शेवटी. ढगाळ पावसाळ्यात दिवसाला अडीच तासांचं पूर्ण ऊन धरू. वायर, बॅटरी, धूळ यांत तीस टक्के जातात. २५ भागिले अडीच, भागिले ०.७, उत्तर १४ वॅट. थोडी सूट ठेवून २० वॅटचं घ्या. उन्हाळ्यात ते जास्त होईल, होऊ दे.

हाच हिशेब ४० वॅटच्या बल्बने करून पाहा. सगळं आठपट. १६० वॅटचं पॅनेल, आणि बॅटरी शिसे-आम्लाची असेल तर अर्धीच वापरता येते म्हणून १२ व्होल्टची १०० एएच. म्हणजे शेडमध्ये घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी. निळा एलईडी आला नसता तर आपण आज हा विषयच काढला नसता.

दुकानात विचारायचे प्रश्न यातूनच निघतात. वॅट विचारू नका, ल्युमेन विचारा. बॅटरीचे नुसते एमएएच ऐकून खूश होऊ नका. व्होल्टने गुणा आणि हजाराने भागा. ३.२ व्होल्टची ६००० एमएएच बॅटरी म्हणजे जेमतेम १९ वॅट-तास. आपल्याला ९५ हवेत. इथेच बाजारातली निम्मी खोकी बाद होतात.

पॅनेल, बॅटरी, दिवा एकाच डब्यात असलेला ‘ऑल-इन-वन’ प्रकार रस्त्याला ठीक आहे, शेडला नाही. शेडमध्ये दिवा आत हवा आणि पॅनेल उन्हात. दोघांमध्ये वायर असलेलाच संच घ्या. पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून, आमच्याकडे १८ ते २० अंश कलून. शेजारच्या बाभळीची सावली एका कोपऱ्यावर पडली तरी चालेल असं समजू नका. आतले सेल एकापुढे एक जोडलेले असतात, एक झाकला की पूर्ण ओळ अडते. बॅटरी पत्र्याला चिकटवून टांगू नका, एप्रिलमध्ये पत्र्याखाली भट्टी होते. भिंतीला, कमरेएवढ्या उंचीवर. आपोआप पेटणारा सेन्सर ऐकायला छान वाटतो, पण आमच्या शेडमध्ये तो रात्रभर उंदरांसाठी पेटेल.

साधा स्विच बरा. आणि तो दाराच्या आत नको, बाहेर, चौकटीला, छोट्या पत्र्याच्या छपराखाली. वायर फूट-दोन फूट जास्त लागेल. पण आत पाय टाकण्याआधी जमीन दिसली पाहिजे.