दुर्गाबाई खोटे : तारामतीपासून दूरदर्शनपर्यंत

श्रोतेहो, हरिश्चंद्र-तारामतीची कथा तुम्हां-आम्हांला लहानपणापासून ठाऊक आहे. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांनी तिच्यावर मूकपट काढला, तेव्हा तारामतीच्या कामाला बाई मिळेना. अखेर उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके लुगडे नेसून तारामती झाले! पुढे १९३२ साली कोल्हापूरच्या ‘प्रभात’ने त्याच कथेवर ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट काढला. त्यात तारामती झाल्या दुर्गाबाई खोटे.

दुर्गाबाईंचा जन्म १९०५ सालचा, मुंबईतल्या लाड घराण्यातला. वडील सॉलिसिटर. कॉलेजचे शिक्षण मिळाले, लग्नही श्रीमंत घरात झाले. पण त्या घरची सुबत्ता ओसरली. संसाराला पैसा हवा, म्हणून १९३१ साली त्यांनी ‘फरेबी जाल’ या चित्रपटात लहानसे काम केले. झाले! चांगल्या घरची बाई सिनेमात गेली, म्हणून लोकांनी नावे ठेवली.

व्ही. शांताराम यांनी त्यांना तारामतीची भूमिका दिली आणि बोलणाऱ्यांची तोंडे बंद झाली. त्या वेळी पार्श्वगायन आलेले नव्हते. संवाद म्हणता म्हणता गाणेही नटीनेच म्हणायचे. १९३६ साली ‘अमरज्योती’त ही सोशिक राणी बंडखोर सौदामिनी झाली. दरम्यान पतीचे निधन झाले. दोन मुलगे पदरात होते. अभिनय हा आता हौसेचा नव्हे, पोटाचा उद्योग होता, आणि तो त्यांनी मान ताठ ठेवून केला.

वय वाढले तशा भूमिका बदलल्या. १९६० च्या ‘मुगले आझम’मधली, पती आणि पुत्र यांच्या कात्रीत सापडलेली जोधाबाई आठवा. ‘बिदाई’साठी त्यांना सहायक अभिनेत्रीचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले, तेव्हा त्या सत्तरीला आल्या होत्या. १९८३ चा दादासाहेब फाळके पुरस्कारही त्यांना मिळाला. ज्या फाळक्यांना तारामती मिळाली नव्हती, त्यांच्याच नावाचा!

दूरदर्शनकडे त्या वळल्या त्या निर्मात्या म्हणून. १९८८ साली घरोघरी पोचलेली ‘वागळे की दुनिया’ ही मालिका त्यांच्याच संस्थेची. १९९१ साली त्या निवर्तल्या.

शिक्षक बंधुभगिनींनो, १९१३ आणि १९३२ हे दोन सन फळ्यावर शेजारी लिहा. कथा तीच, तारामतीही तीच. मग मधल्या एकोणीस वर्षांत काय बदलले, हे मुलामुलींनाच विचारून पाहा. इतिहास राजांच्या लढायांत असतो, तसा घरचा उंबरा ओलांडणाऱ्या बाईच्या पावलांतही असतो.