जुन्या मोटारीतील वातानुकूलन यंत्रणेचे भाग बदलणे

जुन्या मोटारीतील वातानुकूलन यंत्रणेचे भाग बदलणे या दुरुस्तीत काँप्रेसर, कंडेन्सर, ड्रायर, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह, कूलिंग कॉइल, नळ्या आणि रबरी कड्या यांपैकी निकामी झालेला भाग काढून त्या जागी नवा बसविला जातो. हे काम मुख्यतः सेवा केंद्रांत आणि वातानुकूलनाच्या स्वतंत्र गॅरेजांत होते. मात्र साध्या रचनेच्या जुन्या गाड्यांत हौशी वाहनमालक ते घरीही करतात. इंजिनाच्या इतर दुरुस्त्यांहून ते वेगळे आहे. यंत्रणेतील प्रशीतक (बोलीभाषेत 'गॅस') दाबाखाली कोंडलेला असतो आणि नळ्यांचे बंदिस्त मंडल एकदा उघडले की त्यात हवा व बाष्प शिरते. त्यामुळे भाग बदलण्याचे काम तासाभरात उरकले, तरी ते टिकणे हे उघडण्यापूर्वी गॅस कसा काढला आणि बंद केल्यावर मंडल किती कोरडे केले यावर अवलंबून असते.

पार्श्वभूमी

अमेरिकेतील पॅकार्ड कंपनीने १९४० सालच्या मॉडेलांसाठी कारखान्यातच बसविलेली वातानुकूलन यंत्रणा प्रथम देऊ केली. तिच्या काँप्रेसरला क्लच नव्हता. यंत्रणा बंद ठेवायची तर काँप्रेसरचा पट्टाच काढून ठेवावा लागे. पुढील अनेक दशके मोटारींत आर-१२ हा क्लोरोफ्ल्युओरोकार्बन गटातील प्रशीतक वापरला गेला. तो जळत नाही आणि फारसा विषारीही नाही, त्यामुळे दुरुस्तीच्या वेळी तो हवेत सोडून देण्यात कोणाला काही गैर वाटत नसे. १९७४ मध्ये मारिओ मोलिना व शेरवूड रोलंड यांनी या गटातील वायूंमुळे ओझोन थराचा ऱ्हास होतो असे दाखवून दिले. १६ सप्टेंबर १९८७ रोजी मॉन्ट्रियल करारावर स्वाक्षऱ्या झाल्या. भारत १९९२ मध्ये त्यात सहभागी झाला. अमेरिकेत १९९४ च्या मॉडेलांपर्यंत नव्या गाड्यांमध्ये आर-१३४ए हा प्रशीतक रूढ झाला.

भारतात हा बदल टप्प्याटप्प्याने झाला. म्हणून केवळ निर्मितीवर्षावरून अंदाज न बांधता बॉनेटखालील लेबल आणि गॅस भरण्याच्या नळीची तोंडे पाहणे अधिक विश्वसनीय ठरते. आर-१२ च्या यंत्रणेत ही तोंडे आट्यांची असतात, तर आर-१३४ए च्या यंत्रणेत दाबून बसणारी व दोन वेगळ्या व्यासांची (कमी दाबाकडे १३ आणि जास्त दाबाकडे १६ मिलिमीटर) असतात. अर्थात पूर्वी कोणी रूपांतर केलेल्या गाडीत तोंडावरूनही फसगत होऊ शकते.

रचना

काँप्रेसर वायुरूप प्रशीतक दाबून कंडेन्सरकडे पाठवितो. रेडिएटरपुढील कंडेन्सरमध्ये तो उष्णता टाकून द्रव होतो, ड्रायरमधून गाळला जातो, एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातून बाहेर पडताना त्याचा दाब एकदम घटतो आणि डॅशबोर्डमागील कूलिंग कॉइलमध्ये उकळून तो आतील हवेची उष्णता शोषतो. काही गाड्यांत, विशेषतः अमेरिकी बनावटीच्या, व्हॉल्व्हऐवजी स्थिर छिद्राची नळी आणि ड्रायरऐवजी कमी दाबाच्या बाजूला संचयक असतो.

निदान

गाडी थंड करत नसेल तर गॅस 'टॉप-अप' करणे हा सर्वांत प्रचलित उपाय आहे आणि बहुधा सर्वांत निरुपयोगीही. बंदिस्त मंडलात गॅस खर्च होत नाही. तो कमी झाला असेल तर गळती आहे. जुन्या गाड्यांत काँप्रेसरच्या दांड्याचे सील व रबरी नळ्या यांतून वर्षानुवर्षे थोडी झिरप होते हे खरे, पण दर उन्हाळ्यात गॅस भरावा लागत असल्यास गळतीचे ठिकाण शोधणे आवश्यक असते. गळतीच्या जागी तेलकट डाग पडून त्यावर धूळ बसलेली दिसते. त्याशिवाय साबणाचा फेस, अतिनील प्रकाशात चमकणारा रंग किंवा इलेक्ट्रॉनिक शोधक वापरला जातो.

इंजिन बंद असताना दाबमापकावर दिसणाऱ्या आकड्यावरून गॅसचे प्रमाण कळत नाही. मंडलात थोडा जरी द्रव शिल्लक असेल तरी दाब फक्त तापमानावर ठरतो, ३०° से. ला आर-१३४ए चा हा दाब सुमारे ६.७ बार असतो, मग गॅस पुरेसा असो वा निम्मा. खरे निदान यंत्रणा चालू असताना होते. इंजिन मिनिटाला सुमारे १,५०० फेऱ्यांवर, पंखा पूर्ण वेगात आणि हवा ३०–३५° से. असता निरोगी यंत्रणेत कमी दाबाची बाजू साधारण १.५ ते २.५ बार व जास्त दाबाची १४ ते १६ बार दाखविते. दोन्ही आकडे कमी असल्यास गॅस कमी आहे. कमी दाब वाढलेला आणि जास्त दाब उतरलेला असल्यास काँप्रेसर झिजला आहे. दोन्ही वाढलेले असल्यास गॅस जादा आहे, आत हवा राहिली आहे किंवा कंडेन्सरचा पंखा नीट चालत नाही. कमी दाबाचा काटा शून्याखाली जाऊन थंडावा मध्येच बंद पडत असेल आणि थोड्या वेळाने परत येत असेल, तर व्हॉल्व्हच्या छिद्रात बाष्पाचा बर्फ धरत असल्याचे ते लक्षण आहे.

मंडल न उघडता होणारी कामे

बऱ्याच तक्रारी गॅसशी संबंधित नसतात. पट्टा, कंडेन्सरचा पंखा, रिले, फ्यूज आणि अनेक गाड्यांतील प्रेशर स्विच हे भाग गॅस न काढता बदलता येतात. काँप्रेसरच्या पुढील टोकाशी असलेला क्लच, त्याची विद्युतकॉइल आणि बेअरिंग हेही बहुतेक वेळा काँप्रेसर जागेवर ठेवून काढता येतात. क्लचची झिजलेली चकती व पुली यांतील फट वाढली (ती सुमारे अर्धा मिलिमीटर असावी लागते) की गरम इंजिनावर क्लच धरत नाही आणि काँप्रेसरच बिघडल्याचा समज होतो. अशा वेळी पातळ वॉशर काढून फट कमी केली तरी पुरते. कंडेन्सरच्या पाकळ्यांतील चिखल व किडे धुऊन काढण्यानेही शहरी रहदारीतील थंडाव्यात लक्षणीय फरक पडतो.

गॅस काढणे

घरगुती दुरुस्तीतील हा टप्पा घरी करण्यासारखा नाही. गॅस मोकळा सोडणे पर्यावरणास घातक आहे : आर-१२ ओझोन थर नष्ट करतो, तर आर-१३४ए ची तापवृद्धिक्षमता शंभर वर्षांच्या कालमानात कार्बन डाय-ऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट मानली जाते. एका लहान गाडीतील अर्धा किलो आर-१३४ए सोडणे हे त्या हिशेबाने सातशे किलोंहून अधिक कार्बन डाय-ऑक्साइड सोडण्यासारखे आहे. शिवाय बाहेर पडणारा द्रव प्रशीतक त्वचेवर वा डोळ्यांत उडाल्यास हिमदाह होतो. म्हणून गाडी प्रथम पुनर्प्राप्ती यंत्र असलेल्या गॅरेजात नेऊन गॅस काढून घेणे, नंतर घरी भाग बदलणे आणि शेवटी निर्वात करणे व गॅस भरणे यांसाठी पुन्हा त्याच गॅरेजात जाणे, अशी विभागणी व्यवहार्य ठरते. मजुरीतील मोठा वाटा सुटे भाग काढण्या-बसविण्याचा असल्याने बचतही त्यातच होते.

भाग बदलणे

बॅटरीची ऋण तार सोडविल्यानंतर नळ्यांचे सांधे उघडले जातात. जुन्या अॅल्युमिनियमच्या सांध्यांवर एकाच पान्याने जोर लावल्यास नळी पिळवटते; म्हणून एका पान्याने सांधा धरून दुसऱ्याने नट फिरवितात. उघडलेले प्रत्येक तोंड ताबडतोब टोपणाने किंवा प्लॅस्टिकने बंद करावे लागते. प्रत्येक उघडलेल्या सांध्यावरील ओ-रिंग नवी, आर-१३४ए ला चालणाऱ्या रबराची आणि काँप्रेसरच्या तेलात बुडवून बसविली जाते.

मंडल उघडले की ड्रायर वा संचयक बदलतात. त्यातील शोषक मणी बाष्पाने भरले की परत कोरडे होत नाहीत. नव्या ड्रायरची बुचे सर्वांत शेवटी, निर्वात पंप जोडण्यापूर्वी काढली जातात. कोकणातील पावसाळी हवेत ही दक्षता विशेष महत्त्वाची आहे, कारण आर-१३४ए सोबत वापरले जाणारे पॉलिअल्किलीन ग्लायकॉल तेलही उघड्या बाटलीत हवेतील ओलावा झपाट्याने शोषते.

काँप्रेसर आतून मोडून जाम झाला असेल तर धातूचा बारीक चुरा पुढे कंडेन्सरमध्ये जातो. जुन्या, एकाच वळणावळणाच्या नळीच्या कंडेन्सरमधून तो धुऊन काढता येतो. अनेक समांतर सूक्ष्म नलिकांच्या कंडेन्सरमधून तो निघत नाही आणि कंडेन्सरही बदलावा लागतो. हा खर्च टाळला तर नवा काँप्रेसर त्याच चुऱ्याने लवकरच निकामी होतो. बाजारातील भाग बनावट नसल्याची खात्री करणे आणि जुन्या-नव्या काँप्रेसरची पुली, कान व नळ्यांची तोंडे शेजारी ठेवून पडताळणे हेही याच टप्प्यावर करतात.

कूलिंग कॉइल बदलणे सर्वांत वेळखाऊ आहे. काही जुन्या लहान गाड्यांत तिची पेटी हातमोज्यांच्या कप्प्यामागून निघते. इतरांत संपूर्ण डॅशबोर्ड उतरवावा लागतो. एअरबॅग असलेल्या गाडीत बॅटरी सोडविल्यावर उत्पादकाने सांगितलेला वेळ थांबल्याशिवाय डॅशबोर्डला हात लावणे धोक्याचे असते.

तेलाचे प्रमाण

तेल प्रशीतकासोबत सर्व मंडलात फिरते. म्हणून काढलेल्या काँप्रेसरमधील तेल मापून ओततात आणि नव्यात तेवढेच ठेवतात. नव्या काँप्रेसरमध्ये अनेकदा संपूर्ण यंत्रणेपुरते तेल आधीच भरलेले असते. ते तसेच राहू दिल्यास जादा तेल कॉइलच्या आतील पृष्ठभागावर चढून थंडावा घटतो. तेल कमी पडले तर काँप्रेसर जळतो. कंडेन्सर, कॉइल व ड्रायर यांसाठी द्यावयाचे तेल उत्पादकाच्या पुस्तिकेत मिलिलिटरमध्ये दिलेले असते. इंजिन सुरू करण्यापूर्वी काँप्रेसरचा दांडा हाताने दहा-बारा वेळा फिरविला जातो.

निर्वात करणे

पंपाने हवा काढण्याचा हेतू केवळ हवा घालविणे हा नसून आतील पाणी उकळवून बाहेर काढणे हाही असतो. ३०° से. ला पाणी उकळण्यासाठी मंडलातील निरपेक्ष दाब पाऱ्याच्या सुमारे ३२ मिलिमीटरखाली न्यावा लागतो. अनेक ठिकाणी यासाठी जुन्या फ्रिजचा काँप्रेसर वापरला जातो. तो हवा बहुतांशी काढतो, पण पाणी काढण्याइतका खोल निर्वात त्याने मिळेलच असे नाही. दोन टप्प्यांचा निर्वात पंप किमान अर्धा ते पाऊण तास चालविणे ही सर्वसाधारण पद्धत आहे.

साध्या दाबमापकाचा काटा समुद्रसपाटीला पूर्ण निर्वातात २९.९ इंच दाखवितो. उंची वाढली की हा आकडा घटतो. पुण्यात, सुमारे ५६० मीटर उंचीवर, पूर्ण निर्वातातही काटा २८ इंचांच्या आसपास थांबतो आणि महाबळेश्वरला त्याहून दोन-अडीच इंच अलीकडे. त्यामुळे पंपात दोष आहे असे समजण्याचे कारण नाही.

पंप बंद केल्यावर काटा अर्धा तास स्थिर राहणे आवश्यक असते. मात्र तेवढ्याने मंडल गळतीमुक्त ठरत नाही. निर्वातात भिंतींवरील दाबाचा फरक जेमतेम एक बार असतो, प्रत्यक्ष कामात तो पंधरा बारपर्यंत जातो. म्हणून कोरड्या नायट्रोजनने १० बारच्या आसपास दाब देऊन घेतलेली चाचणी अधिक खात्रीची मानली जाते. त्यासाठी ऑक्सिजन वा साधी दाबलेली हवा वापरू नये : ऑक्सिजनच्या संपर्कात तेलाचा स्फोट होऊ शकतो आणि जास्त दाबाखाली हवेत मिसळलेला आर-१३४ए ही पेट घेऊ शकतो.

गॅस भरणे

गॅस वजनाने भरतात. लेबलवरील ग्रॅमचा आकडा हाच आधार, लहान गाड्यांत तो बहुधा अर्धा ते पाऊण किलो असतो. इंजिन चालू असताना डबा उभा धरून फक्त कमी दाबाच्या बाजूने वायुरूप गॅस सोडला जातो. चालू यंत्रणेत जास्त दाबाकडील झडप उघडल्यास उलट दाबाने डबा फुटू शकतो; डबा ज्योतीवर तापविणेही तितकेच धोक्याचे आहे. गळती बुजविणारी रसायने टाळतात, कारण ती व्हॉल्व्हमध्ये व गॅरेजच्या पुनर्प्राप्ती यंत्रात गोठून बसतात.

आर-१२ वरून रूपांतर

आर-१२ च्या गाडीत आर-१३४ए नुसता भरून भागत नाही. जुने खनिज तेल त्यात विरघळत नसल्याने ते शक्य तितके काढून एस्टर किंवा ग्लायकॉल तेल घालतात. ड्रायर नव्या शोषकाचा बसवितात, सर्व ओ-रिंग बदलतात आणि गॅसचे वजन मूळच्या सुमारे ८० ते ९० टक्केच ठेवतात. तोंडांवर कायमचे जोड व गाडीवर नवे लेबल लावणे हा या कामाचा भाग आहे. पुढच्या मेकॅनिकची दिशाभूल त्यानेच टळते. जास्त दाब वाढत असल्याने जुना कंडेन्सर उभ्या रहदारीत अपुरा पडतो आणि पंखा वाढवावा लागतो. प्रोपेन-ब्यूटेनसारखे ज्वलनशील मिश्रण स्वस्त म्हणून भरले जाते. कॉइल प्रवासी कक्षात असल्याने तिच्या गळतीतून तेथे ज्वालाग्राही वायू साठू शकतो. अमेरिकेत आर-१२ च्या मोटारींत अशी मिश्रणे भरण्यास मनाई आहे.

नियमन

अमेरिकेत प्रशीतक मुद्दाम हवेत सोडणे बेकायदेशीर आहे आणि मोबदला घेऊन मोटारीची वातानुकूलन यंत्रणा दुरुस्त करणाऱ्यास प्रमाणपत्र लागते. आर-१३४ए चे लहान डबे मात्र सामान्य ग्राहकास मिळतात, २०१८ पासून आपोआप बंद होणाऱ्या झडपेसह. युरोपीय संघात २०१७ पासून नव्या प्रवासी मोटारींत १५० हून अधिक तापवृद्धिक्षमतेचा प्रशीतक वापरता येत नाही. भारताने २०२१ मध्ये किगाली दुरुस्ती मान्य केली असून तिच्यानुसार आर-१३४ए चा समावेश असलेल्या हायड्रोफ्ल्युओरोकार्बन गटाचा वापर २०३२ पासून टप्प्याटप्प्याने घटवून २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांनी कमी करावयाचा आहे.