भाच्याचे कुरळे केस : वस्तरा, शाम्पू आणि एक पेन्सिल

आजचा एपिसोड एका फोन कॉलमुळे झालाय. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं जातं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लेखी मजकूर.

मागच्या महिन्यात ताईचा मिरजेहून फोन आला. माझा भाचा आता अडीच वर्षांचा आहे. त्याचे केस म्हणजे स्प्रिंगांचा डबा उघडा पडल्यासारखे. ताई म्हणाली, "अरे, आई म्हणतेय अजून एकदा गोटा करू या. जावळ काढलं तरी परत कुरळेच आलेत. आता दुसऱ्यांदा केला की सरळ येतील म्हणे. तू कधी येतोस? मांडीवर तुलाच घ्यायचंय."

आपल्याकडे जावळ काढताना पोराला मामाच्या मांडीवर बसवतात, हे तुम्हाला माहीतच असेल. पहिल्या वेळी मी बसलो होतो. पोरगं माझा शर्ट मुठीत धरून अर्धा तास रडलं होतं. आणि खरं सांगायचं तर तो गोटा मला थोडा माझाच वाटला. कारण माझेही केस कुरळे. लहानपणी माझा तीनदा गोटा झाला, तो याच आशेवर. नंतर शाळेत 'मॅगी' हे नाव चिकटलं. आई रोज सकाळी पळीभर तेल चोपडून भांग पाडायची, आणि मधल्या सुट्टीपर्यंत केस परत आपल्या जागी. इंजिनिअरिंगला गेल्यावर मी सगळे बारीकच कापून टाकले. आजही तसेच आहेत.

त्यामुळे ताईला "बघतो" म्हणालो आणि वाचायला बसलो. प्रश्न एवढाच होता, की कुरळे केस दुरुस्त करायची गोष्ट आहे हे आपण कधी ठरवलं? उत्तर शोधताना तीन वस्तू सापडल्या. वस्तरा, शाम्पू आणि पेन्सिल.

पहिली वस्तू : वस्तरा

जावळाचा संस्कार खूप जुना. त्याचं शास्त्रातलं नाव चौल किंवा चूडाकर्म. आश्वलायन गृह्यसूत्रात तो तिसऱ्या वर्षी किंवा कुलाच्या रीतीप्रमाणे करायला सांगितलाय. मनुस्मृतीत पहिलं किंवा तिसरं वर्ष आहे. पण मला थांबवलं ते त्यातल्या बारीक तपशिलांनी. बाळ आईच्या मांडीवर. गार आणि गरम पाणी एकत्र करायचं. त्या पाण्यात लोणी, ते नसेल तर दह्याचे थेंब घालून डोकं तीनदा भिजवायचं. मग वस्तऱ्याला विनवायचं, की याला इजा करू नकोस. मागणं कशाचं? दीर्घायुष्याचं. आणि शेवटी केसांची रचना कुलधर्माप्रमाणे करायची.

म्हणजे बघा, केस सरळ यावेत ही मागणी त्यात कुठेच नाही. आणि सगळं डोकं साफ करणं हाच नेहमीचा शेवट होता असंही नाही. 'चूडा' म्हणजे शेंडीच, म्हणजे काहीतरी राखायचंच होतं. संस्कृत साहित्यात मुलांच्या कानशिलांवर सोडलेल्या बटांना एक सुंदर शब्द आहे, काकपक्ष, म्हणजे कावळ्याचे पंख. कालिदासाच्या रघुवंशात विश्वामित्र यज्ञाच्या रक्षणासाठी रामाला मागायला येतात, तेव्हा राम असा काकपक्ष असलेला मुलगा आहे. इतका लहान आहे हे सांगायला कवीला त्याच्या बटाच पुरल्या.

आणि गंमत ऐका. 'कुंतल' म्हणजे केस, आणि दक्षिण महाराष्ट्र अन् उत्तर कर्नाटकाच्या पट्ट्याचं जुनं नावही कुंतल देश. मिरज त्याच पट्ट्यातली. ताईला मी म्हटलं, पोराच्या डोक्यावर आख्खा तालुका वाढतोय.

मग "गोटा केला की केस बदलतात" हे आलं कुठून? मला वाटतं, डोळ्यांसमोर दिसतं त्यातूनच. बाळाचे पहिले केस पातळ आणि मऊ असतात. पहिल्या दोन-तीन वर्षांत ते आपोआप बदलतात. कुणाचे दाट होतात, कुणाचे सरळ होतात, कुणाचे आणखी कुरळे. नेमकं त्याच काळात आपण वस्तरा फिरवतो आणि श्रेय वस्तऱ्याला देतो. माझ्या भाषेत सांगायचं तर रिलीजच्या दिवशी सर्व्हर आपोआप सुधारला आणि मी म्हणालो, बघा, माझ्या कोडमुळे! तुलनेला दुसरा सर्व्हर ठेवलाच नव्हता.

हे मोजून पाहणारेही होते. अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात मिल्ड्रेड ट्रॉटर नावाच्या शरीररचनाशास्त्रज्ञ होत्या. त्यांनी पुरुषांच्या दाढीच्या केसांचा अभ्यास करून १९२८ मध्ये निष्कर्ष छापला, की वस्तऱ्याने केसांच्या जाडीत किंवा वाढीच्या वेगात फरक पडत नाही. कारण साधं आहे. आपल्याला दिसतो तो केस मृत केराटिनचा. तो घडतो कातडीच्या आतल्या बीजकोषात. बीजकोष वाकडा आणि असमान असेल तर केस वळत बाहेर येतो. वस्तरा तिथपर्यंत पोहोचतच नाही. नव्याने आलेल्या केसाचं टोक बोथट कापलेलं असतं, म्हणून तो हाताला राठ लागतो, एवढंच.

दुसरी वस्तू : शाम्पू

हा शब्द आपल्याकडूनच गेलाय. हिंदी 'चाँपना' म्हणजे दाबणं. अर्थाने आपल्या 'चेपणे'च्या अगदी जवळचा. १७५९ साली पाटण्यात जन्मलेले शेख दीन महंमद इंग्लंडमध्ये ब्रायटन इथे वाफेची स्नानगृहं चालवत. त्यांच्याकडे मिळायचं ते 'शाम्पूइंग' म्हणजे मालिश. १८२२ साली त्यांनी याच नावाचं पुस्तक काढलं आणि ब्रिटनच्या राजांचे शाम्पूइंग सर्जन म्हणून त्यांची नेमणूकही झाली. पुढे शब्दाचा अर्थ मालिशवरून केस धुण्यावर सरकला आणि मग बाटलीवर चिकटला.

आता हे भाच्याच्या केसांसाठी महत्त्वाचं का? डोक्याच्या कातडीतून नैसर्गिक तेल पाझरतं. सरळ केसावरून ते टोकापर्यंत सहज उतरतं. कुरळ्या केसाला घाटातला रस्ता. तेल वळणावळणावर अडतं आणि टोकं कोरडी राहतात. कोरडे केस एकमेकांत अडकतात, गुंता होतो. शिकेकाई आणि रिठ्यातलं सॅपोनिन मळ काढतं, आणि आपल्याकडे त्याआधी तेल लावायची रीत होती. म्हणजे धुण्याआधी केसाला एक कवच मिळायचं. साबण अल्कधर्मी, त्याने केसावरचे खवले उघडतात. त्यात बोअरचं जड पाणी असेल तर साबणाचा पांढुरका थर केसांवरच बसतो. १९३४ साली अमेरिकेत 'ड्रीन' हा कृत्रिम डिटर्जंटचा शाम्पू आला आणि थराची अडचण सुटली. पण तो इतकं साफ करायचा की तेलही उरत नसे.

मी काही 'जुनं तेच सोनं' म्हणत नाहीये हां. शिकेकाईचं पाणी डोळ्यात गेल्यावर काय होतं ते ज्यांनी भोगलंय त्यांना विचारा. १९५३ साली जॉन्सनचा बेबी शाम्पू आला, त्यात वापरलेले सौम्य घटक डोळ्यांना कमी झोंबतात. लहान मुलांवर हा उपकारच आहे. आपल्याकडे शाम्पू गावोगाव पोचला तो पुडीमुळे. तमिळनाडूतल्या सी. के. रंगनाथन यांनी १९८३ साली 'चिक' सुरू केला, आणि असल्या स्वस्त पुड्या किराणा दुकानात तोरणासारख्या लटकू लागल्या. पुडी आली, पण तेल, ओले केस आणि बोटं ही जोडी मागे पडली. केस धुवायचे, पंचाने खसाखसा पुसायचे आणि वाळल्यावर बारीक दातांचा कंगवा ओढायचा. कुरळ्या केसांचं याहून वाईट काही करता येत नाही. माझं पंधरा वर्षं हेच झालं.

तिसरी वस्तू : पेन्सिल

ताई मोबाइलवर व्हिडिओ बघते. त्यात सांगतात, '३ बी', '३ सी' केस. ही नावं कुठून आली म्हणून शोधलं. ऑप्रा विन्फ्रे यांचे केशरचनाकार आंद्रे वॉकर यांनी ही वर्गवारी मांडली, त्यांचं पुस्तक १९९७ चं. कुरळे केस न दुखवता कसे सांभाळायचे याचं आज मोबाइलवर दिसणारं बरंचसं ज्ञान आफ्रिकन वंशाच्या बायकांनी घराघरात जपलेलं आहे. आणि त्यांना ते जपावं लागलं, कारण त्यांच्या केसांवर माणूस तोलला जात होता.

दक्षिण आफ्रिकेत १९५० साली लोकसंख्या नोंदणी कायदा आला. प्रत्येकाचा वंश सरकारदरबारी ठरू लागला. शंका आली की पेन्सिल चाचणी व्हायची. केसांत पेन्सिल खोचायची. घसरून पडली तर गोरा, अडकली तर नाही. सँड्रा लैंग नावाची मुलगी गोऱ्या आईबापांच्या पोटी जन्मली, पण वर्ण सावळा आणि केस दाट कुरळे. १९६६ साली, दहा वर्षांची असताना, तिला गोऱ्यांच्या शाळेतून काढलं आणि सरकारने तिचा वंशच बदलला. अमेरिकेत तर २०१९ साली कॅलिफोर्नियाला कायदा करावा लागला, की नैसर्गिक केसांवरून शाळेत किंवा नोकरीत भेदभाव करायचा नाही. त्याचं नाव क्राउन कायदा.

माझ्या भाच्याचं दुःख एवढं मोठं नाही, हे मला कळतं. 'मॅगी' म्हणणं आणि शाळेतून हाकलणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पण दोन्हीकडे मुलाला एकच गोष्ट कळते, की डोक्यावर जे उगवलंय ते चुकलेलं आहे. अडीच वर्षांच्या पोराला इतिहास कळत नाही. आपल्या केसांकडे बघून आजीचा चेहरा कसा होतो, ते मात्र कळतं.

मग मी काय केलं?

शनिवारी मिरजेला गेलो. आईला आधी एकच विचारलं, "नवस राहिलाय का?" कारण नवस असता तर मी मुकाट्याने मांडी घालून बसलो असतो. श्रद्धेशी माझं भांडण नाही. आई म्हणाली, "नवस पहिल्याच जावळाला फेडला. आता नुसतं सरळ यावेत म्हणून." मग मी तिला लोणी-पाण्याची गोष्ट सांगितली. ट्रॉटरबाईंपेक्षा ती तिला जास्त पटली.

रविवारी आम्ही पोराला न्हाऊ घातलं. आधी खोबरेल तेल थोडंसं, बोटांनी. मग सौम्य शाम्पू फक्त डोक्याच्या कातडीला. केस ओले असतानाच थोडं कंडिशनर, आणि मोठ्या दातांचा कंगवा खालून वर, म्हणजे आधी टोकं, मग मधला भाग, शेवटी मुळं. बट मुळाशी चिमटीत धरली की ओढ डोक्याला लागत नाही. पुसायला बाबांची जुनी सुती बनियन, आणि तीही दाबून, घासून नाही. हे आठवड्यातून एक-दोनदा. मधल्या दिवशी नुसता पाण्याचा हात. पाच मिनिटांत संपवायचं, कारण त्याहून जास्त त्याचा धीर नाही. आणि आमचाही!

यावेळी तो रडला नाही. ओल्या बटा वाळताना एकेक करून वर उचलल्या जात होत्या, आणि आई बघत होती. एक बट तिने बोटाला गुंडाळली आणि सोडली. ती टुणकन परत जागेवर गेली. पोरगं खिदळलं, म्हणालं, "आजी, पुन्हा!"

आई माझ्याकडे बघून म्हणाली, "तुझेही अस्सेच होते. मी उगाच ओढत बसले." मग जरा वेळाने, "शाळेत घालेपर्यंत राहू देत. मग बघू."

ठीक आहे. दीड वर्ष मिळालं. मीही दोन महिने न्हाव्याकडे जायचं नाही असं ठरवलंय, भाच्याला सोबत म्हणून.

तुमच्या घरी जावळाच्या वेळी काय झालं, आणि कुणाला 'मॅगी' म्हणत होते, ते जरूर कळवा. पुढच्या एपिसोडमध्ये भेटूच. तोवर ओल्या केसांना सांभाळा!