शेगडीची तार आणि तिसरी पिन

वसतिगृहात राहत असताना आमच्या खोलीत विजेची एक शेगडी होती. भाजलेल्या मातीची तबकडी, तिच्यात नागमोडी खाच आणि खाचेत उघडी कॉइल. एका रात्री दूध उतू गेले. मी बटण बंद केले, कॉइलची लाली पूर्ण जाऊ दिली आणि स्टीलच्या चमच्याने खाचेतले दूध खरवडू लागलो. पुढच्याच क्षणी मी भिंतीशी जाऊन आदळलो होतो. बटण बंद, तार थंड, तरीही धक्का! कारण दुसऱ्या दिवशी कळले. जोडणी करणाऱ्याने बटण फेजच्या तारेवर न बसवता न्यूट्रलच्या तारेवर बसवले होते. बटण बंद केले की कॉइलमधील विद्युतधारा थांबत होती. पण सगळी कॉइल मात्र २३० व्होल्टला जोडलेलीच राहत होती.

स्वयंपाकाला हवी असते ती उष्णता. वीज ही केवळ ती आणून देणारी. पण उघड्या कॉइलच्या शेगडीत दोघी एकाच तारेत नांदतात. विजेच्या शेगडीचा इतिहास पाहिला तर तो मुख्यतः या दोघींची फारकत करण्याचा इतिहास आहे.

तारेतून विद्युतधारा गेली की उष्णता निर्माण होते आणि ती धारेच्या वर्गाच्या व रोधाच्या प्रमाणात असते, हे जेम्स जूल यांनी १८४१ मध्ये मांडले. यावर शेगडी करणे सोपे वाटते. १८९२ मध्ये कॅनडातील ओटावा येथे टॉमस अहर्न यांनी एका हॉटेलात पूर्ण जेवण विजेवर शिजवून दाखवले. दुसऱ्याच वर्षी शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात विजेचे स्वयंपाकघर मांडले गेले. तरी विजेच्या शेगड्या घराघरांत पोहोचल्या नाहीत. विजेची टंचाई हे एक कारण होते. दुसरे कारण होते तार. लोखंडाची तार लाल झाली की हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन झिजते आणि तुटते. प्लॅटिनम टिकते, पण ते परवडायचे कोणाला?

हे कोडे अमेरिकेतील अल्बर्ट मार्श यांनी सोडवले. सुमारे चार भाग निकेल आणि एक भाग क्रोमिअम यांच्या मिश्रधातूचे पेटंट त्यांना १९०६ मध्ये मिळाले. हेच आपले नायक्रोम. त्याचा रोध त्याच मापाच्या तांब्याच्या तारेच्या साठपट तरी असतो. ते तापले की पृष्ठभागावर क्रोमिअम ऑक्साइडचा पातळ, घट्ट चिकटलेला थर तयार होतो आणि तोच आतल्या धातूचे रक्षण करतो.

तार टिकाऊ झाली, पण उघडीच राहिली. आपल्याकडे ही कॉइल तुटली की दोन टोके पिळून जोडण्याची पद्धत आहे. जळका तुकडा काढून टाकल्याने लांबी कमी होते, म्हणून रोध घटतो. २६ ओहमची कॉइल २३ ओहमची झाली, तर २३० व्होल्टवर तिची शक्ती सुमारे २,०३० वॅटवरून २,३०० वॅटवर जाते. शिवाय पिळलेला सांधा सैल असेल तर तो जास्त तापतो आणि तार तिथेच पुन्हा तुटते.

फारकतीची पहिली मोठी पायरी १९१० च्या दशकातली. जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील चार्ल्स अ‍ॅबट यांनी नायक्रोमची कॉइल धातूच्या नळीत ठेवून भोवती मॅग्नेशिअम ऑक्साइडची भुकटी ठासून भरली. ही भुकटी उष्णता बऱ्यापैकी वाहून नेते, वीज मात्र अडवते. नळी लाल झाली तरी तिच्यावर वीज नाही! आजच्या गीझरमध्ये आणि विजेच्या किटलीत असतो तो याच कुळातला रॉड.

पण ही भुकटी ओल शोषते. नळीला चीर पडली किंवा टोकाचे बूच निघाले, तर बाहेरच्या धातूवर वीज येऊ शकते. येथे तिसरी पिन कामाला येते. ती शेगडीचे धातूचे अंग जमिनीशी जोडते. फेज अंगाला चिकटली की या वाटेने मोठी धारा वाहते आणि वितळतार, म्हणजे फ्यूज, उडतो. तिसरी पिन इतर दोघींपेक्षा लांब असते, ती याचसाठी. प्लग घालताना ती सर्वांत आधी जोडली जाते आणि काढताना सर्वांत शेवटी सुटते. ही पिन कापून प्लग दोन भोकांच्या सॉकेटमध्ये बसवणारा माणूस हे सारे संरक्षण एका फटक्यात काढून टाकतो.

"फ्यूज आहे ना, मग भीती कसली?" हा प्रश्न वर्गात नेहमी येतो. विद्यार्थ्यांना हिशेबच करू द्यावा. २,००० वॅटची शेगडी ८.७ अँपिअर धारा घेते, म्हणून फ्यूज १५ अँपिअरचा. ओल्या हातापायांच्या माणसाचा रोध १,००० ओहम धरला, तर २३० व्होल्टला त्याच्यातून ०.२३ अँपिअर जाईल. ती जीव घ्यायला पुरेशी आहे, आणि फ्यूजला तिचा पत्ताही लागणार नाही. फ्यूज भिंतीतल्या तारांचे रक्षण करतो, माणसाचे नाही.

माणसाचे माप घेतले ते कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या चार्ल्स डॅल्झिएल यांनी. स्वयंसेवकांवर प्रयोग करून त्यांनी दाखवले की सरासरी १६ मिलिअँपिअरच्या आसपास पुरुषाला, तर साडेदहाच्या आसपास स्त्रीला, हातातली तार सोडता येईनाशी होते. पुढे १९६० च्या दशकात त्यांनी गळती ओळखणारे उपकरण तयार केले. ते फेजने गेलेली आणि न्यूट्रलने परत आलेली धारा यांची सतत तुलना करते. फरक पडला की पुरवठा तोडते. आपल्या घरांत बसवली जाणारी आरसीसीबी याच तत्त्वावर चालते. तिची मर्यादा साधारणपणे ३० मिलिअँपिअर असते. हुशार विद्यार्थी विचारेल, ही तर १६ पेक्षा जास्त झाली! उत्तर वेळेत आहे. सेकंदाच्या लहानशा अंशात पुरवठा तुटतो, त्यामुळे हृदयाची लय बिघडण्याचा धोका खूपच कमी होतो.

इंडक्शनच्या शेगडीत तापणारी तारच नाही. चुंबकीय क्षेत्रामुळे भांड्याच्या बुडातच धारा फिरते. फारकत जवळजवळ पूर्ण झाली. तरी भांड्यामुळे काच तापते आणि लाल न दिसताच भाजते. काचेला तडा गेला असेल तर सांडलेले पाणी आतल्या विजेपर्यंत पोहोचते. अशी शेगडी वापरू नये.

उरलेले काम आपल्या सवयींचे आहे. शेगडीला १६ अँपिअरचे स्वतंत्र सॉकेट हवे. पुसण्यापूर्वी बटणावर विसंबू नये, प्लग काढावा. कढईतल्या तेलाने पेट घेतला, तर पाणी ओतू नये. पुरवठा बंद करून झाकण ठेवावे. बटण फेजवरच आहे ना, हे तारतंत्र्याकडून तपासून घ्यावे. वर्गात मात्र चालू शेगडी उघडू नये. भंगारातली सुटी कॉइल आणावी, मल्टिमीटरने तिचा रोध मोजावा आणि शक्तीचे गणित फळ्यावर करावे. मग विद्यार्थ्यांना घरच्या प्लगांच्या पिना मोजून यायला सांगावे.