नागलीची भाकरी, रेशनचा तांदूळ

आमच्या बचत गटांच्या बैठकीत हल्ली एक प्रश्न हमखास येतो. "ताई, वजन कमी करायचंय. भात सोडू का भाकरी सोडू?" मोबाइलवर कुणीतरी सांगितलेलं असतं की धान्य बंदच करा. दिवसभर आवणी करणाऱ्या बाईनं धान्य बंद केलं तर ती चिखलात उभी कशी राहील? म्हणून आम्ही उलटा प्रश्न घेतला. आपल्या त्र्यंबकच्या डोंगरात पूर्वी ताटात काय होतं, आणि ते गेलं कसं?

इंग्रजांच्या काळात, 1883 साली, नाशिक जिल्ह्याचं गॅझेटियर छापलं गेलं. त्यात पश्चिमेचा डोंगराळ भाग म्हणजे डांग आणि पूर्वेचा सपाट भाग म्हणजे देश, अशी विभागणी आहे. आपण डांगाकडचे. देशावर बाजरी, आपल्याकडे उतारावरच्या वरकस जमिनीत नागली. पहिल्या वर्षी नागली, मग वरई, मग खुरासणी, आणि नंतर काही वर्षं जमिनीला विसावा. शेणकाडी, पालापाचोळा टाकून राब भाजायचा, त्यात रोप करायचं आणि पावसात लावायचं. 1878 च्या जंगल कायद्यानंतर राबासाठी फांद्या तोडण्यावर बंधनं आली, तरी नागली टिकली. तिचं मूळ गाव आफ्रिकेच्या पूर्वेकडचे डोंगर. हजारो वर्षांपूर्वी आपल्याकडे आली आणि इथलीच झाली.

पण एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. जुनं ते सगळं सोनं, असं म्हणणाऱ्यांनी वरई कांडली नसावी. उखळ-मुसळानं तिचं टरफल काढायचं, पाखडायचं, पुन्हा कांडायचं. नागली पहाटे उठून जात्यावर दळायची. हे सगळं बाईच्याच हातांनी. पांढरा, निवडलेला तांदूळ पिशवीतून घरी आला तेव्हा आपल्या सासवांना सुटल्यासारखं वाटलं असेल, तर त्यात त्यांचं काय चुकलं?

1972 चा दुष्काळ आठवणाऱ्या बाया अजून गावात आहेत. रोजगाराच्या कामावर खडी फोडायची, सुकडी खायची आणि रेशनवर परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी घ्यायची. ती कुणालाच आवडली नव्हती. तेव्हापासून दुकानातलं धान्य घरात रुळत गेलं. पुढे 2013 चा अन्नसुरक्षा कायदा आला. तांदूळ 3 रुपये, गहू 2 रुपये आणि भरड धान्य 1 रुपया किलो. कायद्यात सगळ्यात स्वस्त भरड धान्यच होतं बरं का, पण आमच्या पिशवीत पडले ते तांदूळ आणि गहू. 2023 पासून तेही फुकट. या धान्यानं भूक भागली, याबद्दल आमची तक्रार नाही. पण फुकटच्या तांदळापुढे नागली कोण लावणार?

आता ताटातला फरक बघा. 100 ग्रॅम नागलीत सुमारे 11 ग्रॅम तंतू म्हणजे चोथा, आणि साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम. पांढऱ्या तांदळात चोथा 3 ग्रॅमपेक्षा कमी, कॅल्शियम जेमतेम 10 मिलिग्रॅम. कॅलरी मात्र फार वेगळ्या नाहीत. नागलीच्या सुमारे 320, तांदळाच्या 350 च्या पुढे. म्हणजे नागली खाल्ली की वजन आपोआप उतरतं असं नाही. चोथ्यामुळे पोट लवकर भरतं, भूक उशिरा लागते, हात आपसूक आखडतो. एक-दोन भाकरी, बरोबर उडदाची आमटी किंवा कुळीथ, खुरासणीची चटणी आणि ताटभर रानभाजी. कोंड्यासकट दळलेली गव्हाची चपातीही वाईट नाही, तिच्यात चोथा नागलीइतकाच. घात करतो तो मैदा: चहाबरोबरची खारी, टोस्ट, बिस्किटं. नागलीची म्हणून विकली जाणारी बिस्किटंसुद्धा पुड्यावर वाचून घ्या, बऱ्याचदा पहिला मैदा आणि दुसरी साखर असते. साखरेचा आजार असेल तर गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका, आणि नागलीच्या पातळ पेजेपेक्षा भाकरी बरी.

उपवासाचंही तसंच. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करून आलेली माणसं साबुदाण्याची खिचडी खातात. साबुदाणा होतो दक्षिण अमेरिकेतून आलेल्या एका कंदापासून. तमिळनाडूत सेलमकडे त्याचा धंदा दुसऱ्या महायुद्धाच्या काळात वाढला. त्यात जवळजवळ नुसता स्टार्च. चोथा नाही, प्रथिनं नाहीत, वर तूप आणि बटाटा. आपली वरई, म्हणजे भगर, उपवासाला चालते आणि आपल्याच उतारावर पिकते. गिरणीत फार घासून पांढरीशुभ्र केलेली न घेता थोडी मळकट दिसणारी घ्या, तिच्यात कोंडा राहिलेला असतो.

2018 मध्ये सरकारनं या धान्यांना पौष्टिक तृणधान्य म्हणायचं ठरवलं आणि 2023 हे जगभर त्यांचं वर्ष झालं. नाव मोठं झालं, भावही चढला. 2025-26 साठी नागलीचा हमीभाव क्विंटलला 4886 रुपये आणि भाताचा 2369. म्हणून आम्ही गटात आधी घरापुरती नागली बाजूला काढायची आणि उरलेलीच विकायची, असं ठरवलंय. बियाणं कणगीत आहे तोवर राबाची जागा बघून ठेवा. मृग लागायच्या आत तो भाजावा लागेल.