कौटुंबिक खटल्यांची कागदपत्रे (पोखर्णी, जि. परभणी)

विवाह, घटस्फोट, पोटगी, मुलांचा ताबा, पालकत्व आणि वैवाहिक दर्जा यांवरून न्यायालयात चाललेल्या प्रकरणांचे अर्ज, कैफियती, शपथपत्रे, रोजनामा, निकालपत्र व हुकूमनामा. पोखर्णी हे परभणी तालुक्यातील गाव नृसिंहाच्या देवस्थानामुळे मराठवाड्यात परिचित आहे. परभणी–परळी लोहमार्गावर ‘पोखर्णी नरसिंह’ या नावाचे स्थानकही आहे. गावात न्यायालय नाही, त्यामुळे असा कागद लागला की परभणी गाठावी लागते. कधीकधी तो परभणीतही नसतो.

हे कागद लागतात ते फार साध्या कामांना. विभक्त शिधापत्रिका, मुलाचा शाळाप्रवेश, पुनर्विवाह, निवृत्तिवेतनावरील वारसाचे नाव ही त्यांतली नेहमीची कामे. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत घटस्फोट झालेल्या पण पोटगी न मिळालेल्या आणि घटस्फोटाचा दावा चालू असलेल्या स्त्रियांनाही लाभ मिळू शकतो. तहसील कार्यालय तिथे न्यायालयाचा कागद मागते. माहेरी परतलेल्या बाईची पिशवी या कागदावाचून रिकामी राहिली तर मंजूर होणारे अनुदानही अडते. म्हणून या विषयाची माहिती वकिलाच्या टेबलापुरती राहू नये.

कोणत्या न्यायालयात शोधावे : कौटुंबिक खटला गावाच्या नावाने लागत नाही. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम १९ नुसार लग्न जेथे लागले, विरुद्ध पक्षकार जेथे राहतो, किंवा पतिपत्नी शेवटी जेथे एकत्र राहिले त्या ठिकाणच्या न्यायालयात अर्ज करता येतो. पत्नी अर्जदार असेल तर ती राहते त्या ठिकाणीही अर्ज करता येतो. ही सवलत २००३ च्या दुरुस्तीने आली. पोखर्णीची मुलगी गंगाखेडला दिली, जोडपे कामासाठी पुण्यात राहिले आणि ती माहेरी परतली, तर परभणी, गंगाखेड व पुणे या तिन्ही ठिकाणी शोध घ्यावा लागतो. २००३ पूर्वीच्या दाव्यात पत्नीच्या माहेरचे न्यायालय निव्वळ तिच्या राहण्यामुळे सक्षम ठरत नसे. त्यामुळे जुना दावा बहुधा सासरच्या, शेवटच्या एकत्र निवासाच्या किंवा लग्नाच्या ठिकाणी सापडतो. लग्न मुलीच्या दारी लागले असेल तरच तो माहेराजवळ निघतो.

कौटुंबिक न्यायालये कायदा १९८४ चा. महाराष्ट्रात पुणे व मुंबई येथे ती १९८९ मध्ये सुरू झाली आणि पुढे मराठवाड्यातील जिल्ह्यांत आली. त्याआधी घटस्फोटाचे अर्ज दिवाणी न्यायालयात ‘हिंदू विवाह याचिका’ म्हणून नोंदले जात आणि पोटगीचे अर्ज प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याकडे ‘किरकोळ फौजदारी अर्ज’ म्हणून. कायद्याच्या कलम ८ प्रमाणे नवे कौटुंबिक न्यायालय स्थापन झाले की त्याच्या हद्दीतील अशी चालू प्रकरणे तिकडे वर्ग होतात. वर्ग झालेल्या प्रकरणाला नवा क्रमांक पडतो. कौटुंबिक न्यायालयात वैवाहिक याचिका ‘ए’, मुलांच्या ताब्याची ‘डी’ आणि दंडप्रक्रिया संहितेखालील पोटगीची ‘ई’ या अक्षराने ओळखली जाते. शोधणाऱ्याच्या हातात जुना क्रमांक असेल तर त्याने नवा क्रमांक विचारलाच पाहिजे. फाइल हरवली असे ज्या प्रकरणांत वाटते, त्यांतली पुष्कळशी नव्या क्रमांकाखाली शांतपणे पडून असतात.

घरगुती हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्याखालील अर्ज कौटुंबिक न्यायालय असलेल्या ठिकाणीही सामान्यतः न्यायदंडाधिकाऱ्याकडे चालतात. पोटगी दंडप्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली मिळत असे. १ जुलै २०२४ पासून तीच तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये आहे. वारसा प्रमाणपत्राचे अर्ज १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याखाली दिवाणी न्यायालयात चालतात. घरात वादाचा विषय एकच असला तरी कागद तीन टेबलांवर विखुरतात.

निजामाच्या काळातील दप्तर : परभणी जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, १ नोव्हेंबर १९५६ ला द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आहे. १९५६ पर्यंत येथील अपिले हैदराबादच्या उच्च न्यायालयात जात. त्या काळच्या न्यायालयाची भाषा उर्दू होती आणि तारखा फसली सनात पडत. हैदराबादच्या फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन साधारण कळतो. १३५७ फसली म्हणजे १९४७–४८. वर्षाची सुरुवात ऑक्टोबरच्या सुमारास ‘आझुर’ महिन्याने होई, म्हणून जानेवारीपासूनच्या महिन्यांना ५९१ मिळवावे लागतात. हिंदू विवाह कायद्याआधीच्या कुटुंबकलहाचा माग घटस्फोटाच्या हुकूमनाम्यात फारसा लागत नाही. तो वाटणीच्या, दत्तकाच्या आणि अन्नवस्त्राच्या दाव्यांत शोधावा. मुस्लिम स्त्रियांच्या बाबतीत काझीकडील दस्त हा वेगळा मार्ग आहे.

जुनी दप्तरे वाचणारी माणसे मिळणे हीच मोठी अडचण. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने मराठवाड्यात कुणबी नोंदी शोधायला सुरुवात केली, तेव्हा उर्दू व मोडी वाचकांची गरज गावोगाव कळली. खासरा पाहणी, जन्ममृत्यूची नोंदवही, शाळेचे दाखलखारीज रजिस्टर हे शब्द घरोघरी ऐकू आले. त्या शोधातून तयार झालेले वाचक आणि सवय कौटुंबिक दाव्यांच्या जुन्या कागदांनाही उपयोगी पडते. या कामाला जिल्हा न्यायालयांनी कायमचे वाचक द्यावेत, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

जिल्ह्याची हद्दही बदलली. १ मे १९९९ ला हिंगोली जिल्हा परभणीतून निघाला. वसमत, कळमनुरी किंवा सेनगावकडच्या सोयरिकीचा दावा त्याआधीचा असेल तर परभणीच्या दप्तरातही पाहावे. जिल्हा ज्या तारखेला बदलला त्याच तारखेला न्यायालयाचे दप्तर हलले असे गृहीत धरू नये.

शोध : पक्षकारांची नावे, वर्ष आणि न्यायालय एवढे माहीत असले की ई-कोर्ट्स संकेतस्थळावर किंवा न्यायालयातील सुविधा केंद्रात क्रमांक काढता येतो. अलीकडच्या प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक असतो. तो मिळाला की बाकीचे प्रश्न सुटतात. नावाचा शोध मात्र फसवा असतो. स्त्रीचे नाव अर्जात सासरचे असू शकते, माहेरचे असू शकते, किंवा ‘ऊर्फ’ लावून दोन्ही असू शकतात. रोमन लिपीत टंकलेल्या आडनावात एखादे अक्षर बदलले की यंत्र काहीच सापडले नाही असे सांगते. आडनाव सोडून पतीचे पहिले नाव आणि वर्ष यांनी शोधले तर पुष्कळदा काम होते. तेही न साधल्यास संबंधित न्यायालयातील वाद नोंदवही पाहण्यासाठी अर्ज द्यावा. जुन्या प्रकरणांना दुसरा उपाय नाही. वकीलपत्रावर ज्या वकिलाचे नाव होते ते कुणाला आठवत असेल तर त्यांच्या कार्यालयातील डायरीत क्रमांक मिळतो, आणि गावाकडे ही आठवण कागदापेक्षा अधिक टिकते.

नक्कल मागणे : प्रमाणित प्रतीला न्यायालयात ‘नक्कल’ म्हणतात आणि ती नक्कल विभागातून मिळते. अर्जावर कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, प्रकरणाचा क्रमांक, पक्षकार, निकालाची तारीख आणि हवे असलेले कागद निशाणी क्रमांकासह लिहायचे. ‘सर्व कागद’ असे लिहिले की खर्च वाढतो आणि वेळ जातो. पुनर्विवाहासाठी निकालपत्र व हुकूमनामा पुरतो, थकीत पोटगीच्या वसुलीसाठी पोटगीचा आदेश आणि दरखास्तीतील रोजनामा लागतो. पूर्वी खटला निकाली निघाला असेल तर फाइल अभिलेख कक्षातून मागवावी लागते, म्हणून तारीख विचारून यावे.

नकलेच्या मागे तीन तारखा असतात : अर्ज कधी आला, नक्कल कधी तयार झाली आणि कधी दिली. त्या नीट पाहाव्यात. मुदत कायदा, १९६३ च्या कलम १२ मुळे नक्कल मिळवण्यात गेलेला काळ अपिलाच्या मुदतीतून वजा होतो. कौटुंबिक न्यायालयाच्या निकालावर अपील १९८४ च्या कायद्याच्या कलम १९ खाली उच्च न्यायालयात जाते. परभणीचे अपील मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) खंडपीठापुढे. १९५६ नंतरचे पण १९८१ पूर्वीचे अपील मुंबईच्या मुख्य पीठाकडे जात असे, त्यामुळे त्या काळची अपिलाची फाइल तिथे शोधावी लागते.

पैसे लागत नाहीत अशीही काही ठिकाणे आहेत आणि ती लोकांना माहीत नसतात. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २३(४) नुसार विवाह मोडल्याच्या हुकूमनाम्याची एक प्रत न्यायालयाने प्रत्येक पक्षकाराला विनामूल्य द्यायची असते. पोटगीचा आदेश ज्याच्या बाजूने झाला त्याला त्याची प्रत मोफत मिळते. घरगुती हिंसाचाराच्या प्रकरणात कलम २४ प्रमाणे आदेशाची प्रत पक्षकारांना, पोलीस ठाण्याला आणि सेवा देणाऱ्या संस्थेला विनामूल्य द्यावी लागते. ‘मोफत मिळते’ एवढे म्हणून थांबू नये. अर्जात कलम लिहावे. पुढे अडचण आली तर परभणीच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया, मुले आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्न कितीही असले तरी विधी सहाय्य मिळते.

माहिती अधिकाराचा अर्ज इथे चालत नाही असे धरूनच निघावे. गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी निकाल दिला की न्यायिक कागदांच्या प्रमाणित प्रती त्या न्यायालयाच्या स्वतःच्या नियमांनीच मागायच्या. पोलिसांच्या महिला कक्षातील समुपदेशनाची कागदपत्रे मात्र न्यायालयाची नसतात. तिथे माहिती अधिकार लागू होतो, फक्त इतरांची खासगी माहिती वगळली जाते.

गोपनीयता : कागद मिळणे हा पक्षकाराचा हक्क आहे आणि तो गावापासून झाकून राहणे हाही त्याचाच हक्क आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २२ नुसार कामकाज बंद दाराआड चालते आणि त्यातील मजकूर छापणे हा दंडनीय अपराध आहे. उच्च न्यायालय वा सर्वोच्च न्यायालयाचे निकाल तेवढे त्या न्यायालयाच्या परवानगीने छापता येतात. कौटुंबिक न्यायालयातही कलम ११ प्रमाणे बंद दाराआड सुनावणी घेता येते. त्रयस्थाला नक्कल हवी असेल तर त्याला कारण सांगणारे शपथपत्र द्यावे लागते आणि न्यायाधीशांची परवानगी घ्यावी लागते. भाऊबंदकीतली चौकशी हे कारण पुरत नाही, आणि पुरूही नये. विवाह समुपदेशकापुढे बोललेले गोपनीय असते. त्याची नक्कल मागून उपयोग नाही. सोयरीक जुळवणाऱ्या मध्यस्थाने, शेजाऱ्याने किंवा राजकीय विरोधकाने एखाद्याचा कौटुंबिक खटला चाळावा अशी व्यवस्था कायद्यात नाही, आणि संकेतस्थळावर एखादा आदेश दिसत नसेल तर त्यामागे बहुधा हेच कारण असते.

ज्याचा कागदच नसतो : मराठवाड्यातील अनेक जातींत रूढीने काडीमोड होई, सोडचिठ्ठी स्टॅम्प कागदावर लिहिली जाई, चार माणसांच्या सह्या होत. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९(२) ने रूढीचा घटस्फोट शाबूत ठेवला, पण ती रूढी सिद्ध करावी लागते. असा घटस्फोट न्यायालयात शोधून सापडणार नाही. दस्त नोंदवला असेल तर दुय्यम निबंधक कार्यालयात त्याची नोंद मिळू शकते. अन्यथा मूळ कागद आणि साक्षीदार हाच पुरावा. वैवाहिक दर्जा कोर्टाकडून जाहीर करून घ्यायचा असेल तर १९८४ च्या कायद्याच्या कलम ७ खाली कौटुंबिक न्यायालयात दावा करता येतो. लग्नाच्याच नोंदीचा प्रश्न असेल तर १९९८ च्या राज्य कायद्याखाली ग्रामपंचायतीत विचारावे.

नष्ट झालेली फाइल : न्यायालयीन कागद अ, ब, क, ड अशा वर्गांत विभागून ठेवले जातात. निकालपत्र व हुकूमनामा दीर्घकाळ जपले जातात, बाकीचे कागद मुदत संपल्यावर १९१७ च्या कायद्यानुसार नष्ट होतात. फाइल नष्ट झाली असे लेखी उत्तर मागून घ्यावे. ते हाती आले की दुसरे माग धरता येतात. वाद नोंदवहीतील उताऱ्याची नक्कल मिळते. अपील झाले असेल तर खंडपीठाच्या फाइलमध्ये खालच्या न्यायालयाचे निकालपत्र जोडलेले असते. हुकूमनाम्याने शेतजमिनीवर हक्क आला किंवा वारस बदलला असेल तर गाव नमुना ६ मधील फेरफारात न्यायालय, क्रमांक आणि तारीख लिहिलेली आढळते. लोकअदालतीत तडजोड झालेली असेल तर ती हुकूमनाम्यासारखीच मानली जाते, तिच्यावर अपील नसते, आणि तिची प्रत विधी सेवा प्राधिकरणाच्या दप्तरातही शोधता येते.